मोजणी आधी की चर आधी? पाणलोटाचं काम सातबाऱ्यात अडकलंय

माळावरची_सून

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, पर्जन्यछायेतलं. पडला तर वर्षाचा पाऊस चार दिवसांत पडतो, नाहीतर नुसते ढग डोक्यावरून पुढे जातात. मी इथली सून. माहेरी कृषी पदविका केली होती, तेवढ्या भांडवलावर मला पाणलोट समितीची सचिव केलं. (खरं कारण असं की समितीत बायका दाखवायच्या होत्या आणि माझं अक्षर बरं आहे असं कुणीतरी सांगितलं.)

आराखडा माथा ते पायथा. वर गायरानात सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), त्याखाली ओघळींना अनगड दगडांचे बांध, मधल्या जिरायतीत बांधबंदिस्ती आणि सगळ्यात खाली ओढ्यावर सिमेंटचा बंधारा. कागदावर झकास. तीन दिवस मी हायड्रोमार्कर घेऊन माळावर फिरले. दोन काठ्या, मध्ये पाणी भरलेली नळी, दोन्हीकडचं पाणी एका खुणेवर आलं की तिथे फक्की टाकायची. दुसरी काठी धरायला थोरल्या जाऊबाई. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "रेघ सरळ आली ते खरं, पण ती कुणाकुणाच्या रानातनं गेली ते बघितलंस का?"

मी पाणी बघत होते, त्या सातबारा बघत होत्या.

आता अडचणी सांगते. गट नंबर बदलून लिहितेय, गावात हे वाचणारी पोरं आहेत.

गट ११२. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली नऊ मुंबईला, दोन हयात नाहीत. आजोबांनी तोंडी वाटप केलं तसं सगळे कसतात, पण गट एकच, फोड नाही. माझी फक्कीची रेघ या गटातून चार जणांच्या वाट्यांना कापत जाते. तिघं हो म्हणतात. चौथा म्हणतो बांध घालायचा तर हद्दीवर घाला, माझ्या रानाच्या मधून नको, औत वळत नाही. त्याचंही खोटं नाही. माझ्या सासऱ्यांना, तात्यांना, विचारलं तर ते म्हणाले बहात्तरच्या दुष्काळातही असेच बांध रानाच्या मधून घातले होते, मजुरी मिळत होती म्हणून लोकांनी घालू दिले आणि दोन-तीन वर्षांत नांगरून टाकले.

दुसरं प्रकरण दोन घरांचं. दोघांनी १९८३ साली आपापसात रानं बदलली. एकाला विहिरीजवळचं हवं होतं, दुसऱ्याला रस्त्याकडचं. कागद काहीच नाही, पंच होते ते वारले. आता शेततळ्याची जागा एकाच्या ताब्यात आणि अनुदान दुसऱ्याच्या नावावर. दोघांत आजवर भांडण नव्हतं. अर्ज भरायला घेतला त्या दिवशी सुरू झालं.

तिसरं गायरान. माथ्यावरच्या त्या माळावर तीन भूमिहीन कुटुंबं बाजरी-मटकी करतात, वीस-पंचवीस वर्षं तरी झाली. आराखड्यात तिथे सरळ चर दाखवलेत. त्या लोकांना कुणी विचारलंही नाही. समितीतले एक जण म्हणाले, "त्यांचं काय विचारायचं, अतिक्रमण आहे." मला रात्री झोप लागली नाही. पाणी खाली मुरणार ते विहीरवाल्यांना मिळणार आणि वरच्यांची बाजरी जाणार.

भरीला भर म्हणजे नकाशावरचा ओढा एका गटातून जातो आणि प्रत्यक्षातला ओढा शेजारच्या गटातून. बंधाऱ्याची जागा नक्की कुणाची?

सरपंचांचं म्हणणं, आधी सगळ्या शिवाराची सरकारी मोजणी आणू, ड्रोन आला की सगळं आपोआप कळेल, मग काम. मला भीती वाटते की मोजणी आली तर काम बाजूलाच राहील आणि गावात पन्नास दावे उभे राहतील. पण नोंदी दुरुस्त केल्याशिवाय काम रेटलं तर पाच वर्षांनी कोण तरी बांध फोडणारच.

कुणी असं केलंय का? आधी काय करायचं? फोनच्या जीपीएसवर नकाशा केला तर तो धरतात का?

---

जिरायती

मोजणी आणा. आमच्याकडे आणली होती. दोन सख्खे भाऊ आता एकमेकांच्या म्हशीलाही ओळख दाखवत नाहीत.

---

शंकूसाखळी

ताई, मी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीवाला, म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षं लोकांचे बांध मोजले, म्हणजे निम्म्या जिल्ह्याच्या शिव्या खाल्ल्या. सविस्तर लिहितो.

सरपंचांना पहिल्यांदा हे सांगा की ड्रोन गावठाणापुरता आहे. स्वामित्व योजना घरांच्या मिळकतींसाठी आहे. आपल्याकडे आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला प्रयोग झाला, मग २०२० च्या एप्रिलमध्ये देशाची योजना आली. त्यातून घराची मिळकत पत्रिका मिळते, तिच्यावर बँक कर्ज देईल, पण तुमचा गट ११२ त्यात येत नाही. शेताची हद्द ठरवायची तर भूमी अभिलेखाकडे रीतसर अर्ज करून हद्द कायमची मोजणीच घ्यावी लागते. पूर्वी आम्ही शंकू-साखळी, मग फळा (प्लेन टेबल), मग यंत्र घेऊन जायचो, आता पोरं उपग्रहावर चालणारा रोव्हर घेऊन जातात. काम लवकर होतं. भांडणाला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो.

तुमच्या प्रश्नात तीन नकाशे एकात एक गुंतलेत. एक गट नकाशा, म्हणजे सरकारदरबारी कुणाचं किती. दुसरा ताब्याचा, म्हणजे कोण कुठे खरोखर नांगर धरतो. तिसरा पाण्याचा, जो तुम्ही फक्कीने काढला. पहिला सरकार काढतं, दुसरा फक्त गावाला माहीत असतो, तिसरा उतार ठरवतो. या तिन्हीची मोजणी एकदम लावली की गाव पेटतं. मी पेटलेलं पाहिलंय, नाव सांगत नाही.

तात्या म्हणतात ते बरोबर आहे. जमीन सुधारणा योजनांचा कायदा मुंबई इलाख्यात १९४२ चा. त्याखाली आणि नंतर दुष्काळी कामांत समपातळीचे बांध भरपूर पडले आणि भरपूर फोडलेही गेले. पाण्याच्या हिशेबाने बांध बरोबर होता, औताच्या हिशेबाने चूक होता. तुमचा तो चौथा गडी अडमुठा नाही. त्याचा वाटा तीस-पस्तीस गुंठे असेल आणि मधून तिरपा बांध गेला तर वर एक त्रिकोण, खाली एक त्रिकोण, बैल वळवायला जागा कुठे? त्याच्या वाट्यात बांध हद्दीला जवळ सरकवा, थोडा उतार पडेल, त्या टोकाला दगडी सांडवा द्या, म्हणजे जादा पाणी जायची वाट. नळीने जी रेघ येते ती शास्त्राची असली तरी हात-दोन हात तडजोड खपते. सांडवा मात्र टाळू नका, नाहीतर पहिल्या वळवालाच बांध फुटून खालच्याच्या रानात गाळ जाईल आणि दुसरं भांडण.

फोनचा जीपीएस. मोकळ्या माळावर चार-पाच मीटर इकडेतिकडे हलतो, झाडाखाली आणखी. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आमची एक साखळी, अंदाजे दहा मीटर. म्हणजे फोनने हद्द दाखवली तर गुंठ्याच्या निम्म्या रुंदीची चूक सहज होते, आणि आपल्याकडे हातभर बांध कोरला म्हणून डोकी फुटतात. हद्दीसाठी फोन अजिबात नको. पण ओढा कुठून वाहतो, ओघळी किती, जुन्या विहिरी कुठे, कुठे खडक उघडा पडलाय, कोण कुठे कसतं, एवढ्यासाठी फोन उत्तम. त्या नकाशावर मोठ्या अक्षरात लिहा: "हा हद्दीचा नकाशा नाही." हे वाक्य लिहिलं की निम्मे लोक निवांत होतात.

आणखी एक काम सांगतो, सहसा कुणी करत नाही. भूमी अभिलेखातून तुमच्या गटांच्या टिपणांच्या (मोजणीच्या वेळची मापं) आणि प्रतिबुकाच्या (जमिनीची प्रत लिहिलेलं बुक) नकला काढा. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून जी मोजणी-आकारणीची पद्धत बसवली, तिच्यात नुसतं क्षेत्र मोजत नसत. जागोजागी खड्डा घेऊन मातीची खोली, रंग, चुनखडी, खडक, उतार बघून नऊ प्रती लावत. हे सारावसुलीसाठी होतं, आपल्यावर उपकार म्हणून नव्हे. पण त्या बुकात तुमच्या शिवारात दीडशे वर्षांपूर्वी कुठे माती किती खोल होती ते लिहिलेलं सापडतं. आज तिथे खडक उघडा असेल तर माती किती वाहिली ते गावाला हातात कागद धरून दाखवता येतं. मी एका गावात दाखवलं होतं. एक म्हातारा कागदावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसला होता.

ओढ्याबद्दल. गट नकाशावरचा ओढा हा मोजणीच्या वर्षीचा ओढा. पाणी जागा बदलतं, नकाशा बदलत नाही. पण ओढा कुणी मुद्दाम बुजवून वळवला असेल आणि पाणी दुसऱ्याच्या रानात शिरत असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, तहसीलदारांकडे दावा करता येतो, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमच्याकडचं प्रकरण जुनं दिसतं, तिथे कायदा काढून उपयोग नाही. बंधाऱ्यासाठी दोन्ही गटांच्या खातेदारांची लेखी संमती घ्या, म्हणजे ओढा कुठल्याही गटात असो.

रानं बदललेल्या दोघांना माझा नमस्कार सांगा आणि सलोखा योजनेबद्दल सांगा. जानेवारी २०२३ मध्ये आली ती नेमकी यांच्यासाठी. एकाचा ताबा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा पहिल्याकडे, किमान बारा वर्षं, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) जागेवर येऊन पंचनामा करतात, शेजारच्या गटवाल्यांचे जबाब घेतात. योजना मुदतीची आहे, म्हणून दोघांना एकत्र बसवून उरकून घ्या. मुद्रांकाच्या एरवीच्या दराने हे कधीच कुणी केलं नसतं.

गट ११२ ची फोड मात्र आत्ता नको. आधी दोन मयतांची वारसनोंद करून घ्या, तिला कुणाची हरकत नसते. मग सगळे तयार झाले तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप. नऊ मुंबईकर तयार होईपर्यंत दोन पावसाळे जातील. तोवर ज्यांच्या ताब्यात वाटा आहे त्यांची संमती आणि बाकीच्यांचं "हरकत नाही" एवढं कामाला पुरतं.

---

माळावरची_सून

काका, तुम्ही निवृत्त झालात ते आमच्या नशिबाने. प्रतिबुकाचं मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी अर्ज करते.

पण गायरानाचं तुम्ही सोडूनच दिलंत.

---

शंकूसाखळी

मुद्दाम सोडलं. गायरानात मोजणीवाला फक्त निशाण्या दाखवू शकतो, न्याय देऊ शकत नाही. सातबाऱ्यावर ते सरकारचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर, तो जानेवारी २०११ चा, गायरानातली अतिक्रमणं नियमित करणं अवघड झालं. भूमिहीनांसाठी जुनी सवलत होती ती १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या अतिक्रमणांना. तुमच्या लोकांची पंचवीस वर्षं त्यात बसत नाहीत. मालकीचा रस्ता बंद दिसतो. दुसरा रस्ता इथल्या कुणाला माहीत असेल.

---

कऱ्हाकाठ

दुसरा रस्ता आमच्या पुरंदरने एकदा करून दाखवलाय, म्हणून लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावला आले. इंजिनिअर माणूस, पुण्यात कारखाना. त्यांनी १९७४ मध्ये देवस्थानची चाळीसेक एकर उघडीबोडकी जमीन भाड्याने घेतली आणि तिच्यावर पाणी अडवून दाखवलं. पाणी अडवलं हे विशेष नाही, ते पुष्कळांनी अडवलंय. विशेष होतं वाटपाचं. त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीला चिकटवलेला नव्हता, माणसांना होता. घरात माणसं किती ते मोजायचं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं पाणी. शंभर एकरवाल्यालाही तेवढंच. ऊस नाही. जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. तो स्वतःचं पाणी दुसऱ्याच्या रानात वापरून खंडाने पीक घेऊ शकतो.

लहानपणी मला हे सगळं साधं वाटायचं. पुढे नोकरीनिमित्त राज्यभर फिरलो तेव्हा कळलं की बाकी सगळीकडे ज्याच्या रानात विहीर त्याचं पाणी. पाणलोटाची कामं सरकारच्या पैशाने आणि गावाच्या श्रमाने व्हायची आणि पाणी मुरायचं ते खालच्या अंगाच्या चार विहिरींत.

तर तुमच्या तीन कुटुंबांना जमीन देता येत नसेल, वाटा देता येतो. काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत ठराव घ्या: गायरानातल्या चरांवरचं गवत कापायचा हक्क कुणाचा, किती वर्षं. चर खोदायची मजुरी पहिल्यांदा त्यांना. बंधाऱ्यातला गाळ, मासे, खालच्या विहिरींचं पाणी वाढलं तर त्यातला काही भाग. हे मोघम नको, नावं घालून लिहा. विहीरवाले कुरकुर करतील. त्यांना विचारा, तुझ्या विहिरीला पाणी येणार म्हणून त्यानं बाजरी सोडायची आणि तू काय सोडणार?

एक सावधगिरी. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करा, पण शेळ्यावाल्यांना बसवून घेऊन करा. माळ एकदम बंद केला तर ज्याच्या दावणीला शेळ्याच आहेत तो बुडतो. निम्मा माळ तीन वर्षं बंद, निम्मा उघडा, असं करता येतं.

---

मोहफूल_गडचिरोली

तुमच्या आणि आमच्या मुलखात फरक आहे, तुमच्याकडे गायरान, आमच्याकडे जंगल. तरी लिहितो, कारण नकाशा आणि हक्क हे आम्ही गेली पंधरा वर्षं एकत्रच करतो.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात वैयक्तिक दावा असतो, चार हेक्टरपर्यंत, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. आणि सामूहिक दावा असतो, संपूर्ण गावाच्या वहिवाटीच्या जंगलाचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला. तिथले बंधारे, आगीवरचं राखण, बांबूची तोड हे पुढे गावच ठरवायला लागलं. ज्याच्या जवळ हक्काचा कागद आहे तो दहा वर्षांनी उगवणारं झाडही लावतो. कागद नसेल तर या वर्षी मिळेल ते ओरबाडतो. तुमच्या माळावरची ती तीन कुटुंबंही म्हणूनच दगडी बांध घालत नसतील. उद्या उठवतील त्या जागेला कोण बांध घालतो?

आता नकाशाची पद्धत. आम्ही जीपीएस काढायच्या आधी म्हाताऱ्या माणसांना घेऊन हद्द चालतो. सोबत शेजारच्या गावाची माणसं असलीच पाहिजेत, हे विसरू नका. ते सोबत चालले की वाद जागेवर निघतो आणि जागेवरच मिटतो. कचेरीत निघाला की मिटत नाही. मोठं झाड, देवाची जागा, नाल्याचं वळण, जिथे म्हातारा थांबतो तिथे बिंदू घ्यायचा आणि त्या जागेचं नाव लिहायचं. आमच्याकडे नाल्यांची गोंडी नावं सरकारी नकाशात कुठेच नसतात. नाव लिहिलं की लोक नकाशा आपला मानतात. नुसते आकडे असलेला नकाशा कुणाच्या भिंतीवर लागत नाही.

आणि बायकांना चालवा. पाणी कुठे किती महिने टिकतं हे पुरुषांना विचारलं तर ते विहीर सांगतात, बायकांना विचारलं तर झिरा, म्हणजे लहान झरा, सांगतात. कुठला झिरा होळीपर्यंत चालतो, कुठला संक्रांतीलाच आटतो, हे हंडा उचलणारीलाच माहीत.

---

जिरायती

वर टोमणा मारला होता, आता सरळ लिहितो.

आमच्याकडे भांडण मोजणीने लावलं नाही, क्रमाने लावलं. कुणालाही न विचारता एका सकाळी मोजणीवाले आले, सोबत पोलीस. लोकांना वाटलं जमीन काढून घेतायत. त्याच मोजणीआधी दोन महिने गावात बसून बोलणं झालं असतं तर माझे चुलते आज एकमेकांकडे जेवले असते.

माझ्याकडून एक भर. पाणलोटाच्या कामात रान सुधारतं, तेव्हा सातबाऱ्यावरचा पोटखराबाही बघा. आमच्या एका गटात अठरा गुंठे पोटखराबा वर्ग अ, म्हणजे खडकाळ, नापीक म्हणून लिहिलेला. बांधबंदिस्ती झाली, गाळ भरला, आता तिथे हरभरा होतो. पण कागदावर ती जमीन पीकच देत नाही, म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही. असा पोटखराबा लागवडीयोग्य म्हणून नोंदवून घेता येतो, आकारणी भरावी लागते. वर्ग ब वेगळा, तो ओढा, रस्ता वगैरे, त्याला हात लावू नका. काम होण्याआधीचा आणि नंतरचा फोटो तारखेसह काढून ठेवा, उपयोगी पडतो. आम्ही ठेवला नव्हता.

---

माळावरची_सून

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण तीन आठवडे चालत होते.

शिवारफेरी केली. एकदा नाही, चार रविवार मिळून. काकांचं वाक्य मी कागदाच्या माथ्यावर लाल पेनाने लिहिलं, "हा हद्दीचा नकाशा नाही," आणि खरंच लोक बोलायला लागले. गडचिरोलीच्या दादांनी सांगितलं म्हणून बायकांना वेगळी फेरी घातली. जाऊबाईंनी एक झिरा दाखवला, करवंदीच्या जाळीत, जो माझ्या नकाशात नव्हता, सरकारी नकाशात नव्हता, आणि तात्यांनाही माहीत नव्हता. पन्नास वर्षं ते या गावात राहतायत. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही कधी पाणी आणलंत?" तात्या त्या रात्री जेवताना गप्प होते. झिऱ्याच्या वर आता पहिला दगडी बांध घालतोय.

प्रतिबुकाची नक्कल मिळाली. अक्षर मोडीत. गावात मोडी वाचणारं कुणी नाही, शेवटी माहेरच्या शाळेतल्या निवृत्त गुरुजींना फोटो पाठवले, त्यांनी लावून दिलं. आमच्या स्वतःच्या वरच्या रानाची प्रत त्या काळी मधली होती. आज तिथे कुळव टाकला की फाळ खडकावर वाजतो.

रानं बदललेले दोघे सलोख्याला तयार झाले. पंचनाम्याच्या दिवशी शेजारी म्हणून ज्यांचा जबाब हवा होता ते तिसरेच गृहस्थ रुसून बसले की मला आधी का नाही विचारलं. त्यांना विचारायला आम्ही दोघी जाऊन चहा पिऊन आलो. दस्त अजून व्हायचाय.

गट ११२ चे मुंबईकर. व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पहिले दोन दिवस फक्त गुड मॉर्निंगचे फोटो. मग घाटकोपरच्या एका काकांनी विचारलं, "आमचा वाटा कुठला ते आधी दाखवा." मी व्हिडिओ कॉल लावून त्यांना रानात फिरवलं. फोन हातात घेऊन मी चालतेय आणि ते सांगतायत, डावीकडे जा, तिथे बाभूळ होती. बाभूळ नाही आता. त्यांनी कॉल ठेवला आणि तासाभराने लिहिलं, "हरकत नाही." नऊपैकी सहा जणांचं आलंय. वारसनोंदीचा अर्ज गेलाय. चौथ्या गड्याच्या वाट्यात बांध हद्दीकडे सरकवला, काकांनी सांगितला तसा सांडवा दिला. तो स्वतः दगड आणतोय.

गायरान सगळ्यात अवघड गेलं. त्या तीन कुटुंबांकडे मी आणि समितीतले एक जण गेलो. पत्र्याच्या सावलीला बसलो. त्यातली एक आजी मला म्हणाली, "बाई, चर खणायला आम्हीच येणार ना? मग आमचीच बाजरी आम्हीच खणायची." मला काही सुचलं नाही. कऱ्हाकाठच्या भाऊंनी लिहिलेलं पाठ होतं, तरी तोंडातून निघेना. शेवटी मी एवढंच विचारलं, की माळावर काय ठेवलं तर तुमचं चालेल. बराच हिशेब झाला. उताराच्या खालच्या अंगाला, जिथे माती आहे, तिथला पट्टा चरांच्या मधे तसाच ठेवायचा, त्यांनी तिथे पेरायचं. वरच्या चरांवर गवत, त्याची कापणी दहा वर्षं या तिघांची. मजुरी पहिली त्यांना. आणि खालच्या दोन विहिरींवरून पिण्याचं पाणी भरायला कुणी अडवायचं नाही, हे आजीने स्वतः घालायला लावलं. ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अडवतात हेच मला माहीत नव्हतं.

ग्रामसभेत ठराव मांडला तेव्हा एक विहीरवाले उठून गेले. ठराव झाला, पण ते उठून गेलेत हेही खरं. मालकीचा कागद त्या घरांना मिळालेला नाही, हे मी विसरलेले नाही. ठरावाची नक्कल आजीच्या घरात पत्र्याला चिकटवली, घरातले म्हणाले पेटीत ठेवू, आजी म्हणाली नको, दिसू दे.

सरपंच अजून ड्रोनची वाट बघतायत.

उद्यापासून काम सुरू. मधल्या काळात माळावरची माझी सगळी फक्की शेळ्यांनी पुसून टाकली, रेघा परत आखायच्यात. जाऊबाईंनी सांगून ठेवलंय, या खेपेला नळीतलं पाणी त्या बघणार, दुसरी काठी मी धरायची.